उपोषणाचं दूध

प्रसूतिगृह बंद करायचं आणि त्यासाठीही फीत कापायची, याला कोडगेपणा म्हणतात. फलकावर ‘बंद’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘एकत्रीकरण समारंभ’ असं लिहिलं होतं. म्हणजे इथल्या खाटा टेम्पोत भरून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात न्यायच्या, आणि कळा लागलेल्या बायकांनी दोन बस बदलून त्यांच्या मागून जायचं.

सिस्टरचं डोकं सकाळपासून तापलं होतं. तिचा अख्खा जन्म या वॉर्डात गेला होता. शिवाय समोर खुर्चीत तिची सून बसली होती, दिवस भरत आलेली. गेल्या खेपेला तिला घरीच रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा शेजाऱ्यांनी चादरीत घालून इथवर पळत आणली म्हणून वाचली. वॉर्ड हाकेच्या अंतरावर होता म्हणून. बसमध्ये ती वाचली नसती.

अर्थमंत्र्यांनी माईक हातात घेतला. “तिजोरीत खडखडाट आहे. तूट भरून काढायची तर प्रत्येकानं पोटाला चिमटा घ्यायला हवा.”

पोटाला चिमटा म्हणे! या माणसाचं पोट सिस्टरला चांगलं ठाऊक होतं. मागच्या सरकारनं हाच वॉर्ड बंद करायला काढला तेव्हा हे महाशय विरोधात होते, आणि याच दारात आमरण उपोषणाला बसले होते. तेव्हा म्हणायचे, तूट हा लोकांना घाबरवायला उभा केलेला बागुलबुवा आहे. आठवडाभर हार, घोषणा, फोटो. आणि रोज पहाटे कार्यकर्ते घोरत असताना हा गडी चोरपावलांनी मागच्या दारानं आत यायचा. सिस्टर त्याला बाळंतिणींच्या वाट्याचं ग्लासभर दूध आणि चार बिस्किटं द्यायची. वॉर्ड वाचत होता म्हणून तिनं तोंड उघडलं नाही. वॉर्ड वाचला, हा निवडून आला, आणि आता खुर्ची मिळाल्यावर तोच बागुलबुवा स्वतः नाचवत होता.

“आता आपल्या सिस्टर दोन शब्द बोलतील,” अधीक्षक म्हणाले. आभार मानून खाली बसायचं, असं त्यांनी तिला आदल्या दिवशीच बजावलं होतं.

सिस्टर उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. परत आली ती हातात ट्रे घेऊन. दूध आणि चार बिस्किटं.

“घ्या साहेब. आज मागच्या दारानं यायची गरज नाही.”

मंत्री कॅमेऱ्याकडे बघून हसले. “ताईंची माया आहे, दुसरं काय.”

“माया कसली?” सिस्टर माईकमध्ये म्हणाली. “तुमच्या आमरण उपोषणाला रोज पहाटे हेच लागायचं. बाळंतिणींच्या तोंडचं काढून दिलं मी. आज त्यांनाच पोटाला चिमटा घ्यायला सांगताय, लाज नाही वाटत?”

मग मागे उभ्या असलेल्या आयाला हसू फुटलं, आणि ते खुर्च्याखुर्च्यांतून पुढे आलं. मंत्र्यांचा चेहरा पडला, पण गेंड्याची कातडी ती. त्यांनी घाईघाईनं फीत कापली आणि हमालांना खूण केली.

पहिली खाट दारापर्यंत आली. सिस्टर जाऊन तिच्यावर बसली, बरोब्बर चौकटीत. मागच्या खाटा मागेच अडल्या.

“सिस्टर, नोकरी जाईल,” अधीक्षक कुजबुजले.

“वॉर्ड गेल्यावर नोकरी काय चाटायची आहे?”

मंत्री तिच्याजवळ वाकले. आवाज अगदी मऊ. “ताई, या वयात उपोषण झेपायचं नाही तुम्हाला.”

“उपोषण कोण करतंय?” सिस्टरनं खांद्यावरच्या पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि मांडीवर उघडला. “मी जेवून बसणार आहे. रोज, सगळ्यांच्या देखत. उपाशीपोटी टिकाव लागत नाही, हे तुमच्याकडूनच शिकले.”

हमालांनी खाटेचे पाय सोडले. तेवढ्यात सून पोट सांभाळत आली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला टेकली. सिस्टरनं डबा तिच्यापुढे सरकवला.

“आधी तू खा,” ती म्हणाली. “आपल्याला बराच वेळ बसायचं आहे.”