सुगंधाबाईंच्या कानामागची नळी

मी कानामागून बोलतेय. सावद्याच्या सुगंधाबाईंच्या उजव्या कानामागे बोट फिरवलंत तर एक उंचवटा लागेल. ती माझी झडप. तिथून मी कातडीखालून मान, छाती ओलांडत पोटात उतरते. बाईंच्या मेंदूत पाणी साचलं होतं. चालताना पाय अडखळायचे, सुईत दोरा ओवला जाईना. १९९३ साली मुंबईच्या दवाखान्यात मला आत बसवलं. जास्तीचं पाणी पोटात सोडायचं, एवढंच माझं काम.

पाय सुधारले. बाई पुन्हा शिलाई मशीनवर बसल्या. पण अर्ध्या तासात डोकं असं ठणकायचं, की ब्लाउज तसाच टाकून आडवं व्हावं लागे. आडव्या झाल्या की दुखणं ओसरे.

जाऊ बेबाबाई म्हणायची, "ऑपरेशन झालं ना व बाई? मग आता कायचं दुखी रायलं?"

बाईंना राग यायचा, पण त्याहून जास्त कुतूहल वाटायचं. बसल्यावरच का दुखतं? निजल्यावर का नाही? कापडावर खुणा करायच्या खडूने त्या भिंतीवर मिनिटं लिहू लागल्या. एकदम उठलं तर किती, हळूहळू उठलं तर किती. मीही त्यांच्याबरोबर शिकत होते. हे माझ्यामुळेच होतंय, हे मला तरी कुठं ठाऊक होतं!

जळगावच्या डॉक्टरांनी ते आकडे लक्ष देऊन ऐकले. "बसलं, उभं राहिलं, की नळी पाणी जास्त ओढते. म्हणून दुखतं."

"मग तिला कमी ओढ म्हणून सांगता येत नाही?"

डॉक्टर हसले. "झडप बदलावी लागेल, म्हणजे पुन्हा ऑपरेशन. नाहीतर थोडी वाट पाहू, काहींना सवय होते. पण उलट्या, ताप, गुंगी, काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं."

नवरा, रतिलाल, म्हणाला, "बदलूनच टाकू."

"सहा महिने पाहू द्या मला," बाई म्हणाल्या.

सहा महिन्यांत न दुखता बसता येण्याचा अर्धा तास दीड तासावर गेला. तेवढाच. पण बाईंनी झडप बदलली नाही. वाकलं की पोटात माझं टोक अजून टोचतं, कधी कधी ओळखीचं नावही आठवत नाही.

परवा बेबाबाई माप द्यायला आली आणि बाई मध्येच आडव्या झाल्या. ती जायला निघाली, थबकली, मग शेजारीच बसली.

"पाहू बरं, कुठी हाय ती?"

बाईंनी तिचं बोट धरून माझ्यावर ठेवलं. ती दचकली. पुन्हा हळूच चाचपलं.

"आताबी पाणी चाली रायलं यातून?"

"हौ."

"माय व!" तिने मशीनवरचा अर्धा ब्लाउज मांडीवर ओढला. "पड तू. हुका मी लावते."

भरदिवसा कुणी आडवं झालेलं दिसलं, तर 'अजून बरं नाही?' असं म्हणू नका. काय होतंय ते विचारा. सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

बरं, येते. बाई उठताहेत, मला बेतानं ओढायला हवं.