बेटावरचा संगणक

गुनवोर बोडो शहरात राहायची आणि तिचे वडील हॉकोन दूर बेटावर एकटे. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे आवाज ते कित्येक वर्षं ध्वनिमुद्रित करत आले होते, आणि ते सगळं एकाच जुन्या संगणकात होतं. त्याची प्रत रोज आपल्याकडे यावी म्हणून गुनवोरची खटपट चालली होती. पण वडिलांच्या घरातला इंटरनेटचा राउटर तिला आत शिरू देईना. बाहेरून आलेली हाक घरातल्या कोणत्या यंत्रासाठी आहे हे त्याला कळायचंच नाही, म्हणून तो ती सरळ टाकून द्यायचा.

"तुझ्या आईसारखाच आहे तो," हॉकोन फोनवर हसले. "अनोळखी माणसाला उंबऱ्यावरूनच परत!"

"पण आतून बाहेर जाणाऱ्याला तो अडवत नाही ना, बाबा! मग तुमच्याच संगणकाला मला हाक मारू द्या."

तिने सांगितलं तसं त्यांनी कुरकुरत टाइप केलं. त्या दिवसापासून रोज जेवणाच्या वेळी बेटावरून प्रत येऊ लागली.

नोव्हेंबरात एकदा प्रत आलीच नाही. गुनवोरने घाबरून फोन लावला.

"वादळाने वीज गेलीय गं," हॉकोन म्हणाले. "मी ठणठणीत आहे. शेगडीवर मासा शिजवतोय. पण तुला कसं कळलं?"

"आज तुमच्या संगणकाची हाक आली नाही."

"म्हणजे तो तुझ्याशी रोज बोलतो, आणि मी फोन करतो तो फक्त नाताळात. बरं, सांग, काय जेवलीस आज?"

वीज परत आली, संगणकाने राहिलेली प्रत पाठवूनही दिली, तरी दोघं बोलतच होते.