खिशातला कागद

हेंद्रेपाड्यातला हरिचंद्र लोकांसाठी बैल बघायला जायचा, तेव्हा एक नियम पाळायचा. ज्याच्या दावणीला बैल बांधायचा, त्याला बाजारात पुढे आणायचं नाही. घेणाऱ्याचे डोळे बैलावर खिळलेले असतात आणि विकणारा त्या डोळ्यांवरूनच भाव ठरवतो. म्हणून घेणाऱ्याला चहाच्या टपरीवर बसवून हरिचंद्र एकटा आत शिरायचा. पाठीवरून हात फिरवायचा, जबडा उघडून दात मोजायचा, खूर उचलून बघायचा. म्हसा गावच्या जत्रेत त्याने एखाद्या बैलाच्या पाठीवर थाप मारली की माणसं पुढचं काही विचारत नसत.

पुढे शेतावर इमारती आल्या, गोठ्यात मुलाचा, अल्पेशचा, टेम्पो उभा राहू लागला. बैल गेले, पण नियम हरिचंद्राच्या अंगातून गेला नाही. एक्काहत्तराव्या वर्षी तो नियम घेऊन तो नातीसाठी लॅपटॉप आणायला निघाला.

नात म्हणजे अल्पेशची थोरली, तेजस्वी. कॉम्प्युटरच्या डिग्रीला तिचा नंबर लागला होता. लॅपटॉप हवा म्हणून ती आठवडाभर बापाच्या मागे होती.

"मोबाइल हाय ना तुझ्याकडे?" अल्पेश जेवता जेवता म्हणाला. "आनि कॉलेजात काय कॉम्प्युटर नसतील? धर्मेशच्या पोराला घेतला, तो पिक्चर बघतो त्याच्यावर."

"पप्पा, मोबाइलवर प्रोग्राम नाही लिहिता येत."

"तुझ्या हळदीला दोन दिवस डीजे वाजला," हरिचंद्राची बायको वेणू चुलीकडून म्हणाली, "त्याच्यावर कनचा प्रोग्राम लिवलास रं?"

अल्पेशने ताटात मान घातली. हरिचंद्राने हात धुतले आणि म्हणाला, "मी देतो घेऊन. उद्याच जातो उल्हासनगरला."

तेजस्वीचा चेहरा फुलला. "मीपण येते."

"तू नाय गो. तुझा तोंड बघून दुकानदार भाव चढवील. मी आनि शंकऱ्या जातो."

ती थोडी हिरमुसली, पण आजाचा नियम तिला लहानपणापासून ठाऊक होता. सकाळी तिने चार घड्या घातलेला कागद त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. "सगळं लिहिलंय. वाचून घे हां, आजा."

"वाचतो गो."

वाचायला त्याला तिनेच शिकवलं होतं. ती तिसरीत होती, तो एकसष्टचा. गोठ्याच्या मागे, कोणाला दिसू नये म्हणून, ती त्याच्यासमोर पाटी धरायची. 'क' चुकला की त्याच्या हातावर छोटीशी फुटपट्टी मारायची. वर्षभरात तो दुकानांच्या पाट्या वाचू लागला. अजूनही वाचताना त्याला अक्षराखाली बोट धरावं लागे, आणि ओठ हलत.

ही गोष्ट घराबाहेर कोणालाच माहीत नव्हती, कारण घराबाहेर हरिचंद्र आधीपासूनच शिकलेला होता. अंबरनाथच्या एका कारखान्यातला जुना फिटर, त्याचा दोस्त शंकरराव रोज सकाळी गावदेवीच्या कट्ट्यावर पेपर आणायचा. मधलं पान काढून हरिचंद्राला द्यायचा. हरिचंद्र ते डोळ्यांसमोर धरायचा. "काय म्हनतो पेपर?" शंकररावाने विचारलं की म्हणायचा, "नेहमीचाच." पाटी हातात येण्याआधी तीस वर्षं त्याने असा पेपर धरला होता.

शंकररावाच्या गाडीतून दोघे उल्हासनगरला पोचले. बाजारातल्या एका गल्लीत जयदेव नावाच्या तरुण सिंधी माणसाचं दुकान होतं. काचेवर हात टेकून तो म्हणाला, "आओ चाचा, बसा. किसके लिए चाहिए?"

"नातीला. कॉलेजला."

"कोर्स कुठला? आजकल कॉलेजवाले लिस्ट देतात. लिस्ट आणली का?"

हरिचंद्राचा हात खिशाकडे गेला. कागदाची घडी बोटांना लागली. शेजारी शंकरराव चष्मा पुसत उभा होता, मागे दोन पोरं हेडफोन बघत होती. कागद उघडला की बोट ठेवावं लागणार, ओठ हलणार. एकेक अक्षर जुळेपर्यंत हे सगळे थांबणार, आणि शंकऱ्या बघणार. दुकानदाराच्या हातात द्यावा, तर शंकऱ्या म्हणणार, तूच वाच की.

"नाय," हरिचंद्र म्हणाला. "लिस्टची काय गरज? माल मी बघतो."

"अरे, ह्यो मानूस बैल बघायला अख्ख्या तालुक्यात फेमस हाय!" शंकरराव अभिमानाने म्हणाला.

"चाचा, ये बैल थोडा अलग है," जयदेव हसला आणि चार लॅपटॉप मांडले.

हरिचंद्राने एकेक उचलून बघितला. झाकण उघडून बटणांवरून बोट फिरवलं, पाठीवर अंगठा दाबला. तीन त्याला किरकोळ वाटले, पाटीसारखे पातळ. चौथा रुंद होता, काळाभोर. दोन हातांनी उचलावा लागला.

"ह्यो."

"हा भारी आहे चाचा. रोज बॅगेत न्यायचा असेल तर..."

"भारी म्हंजे भरलेला."

"एकदा बेटीला फोन तर लावा."

"घेनाऱ्याला विचारायचा नसतो," हरिचंद्र म्हणाला आणि लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारली. जयदेवने खांदे उडवले आणि खोका काढायला आत गेला.

घरी वेणूने खोक्याला हळदकुंकू लावलं. तेजस्वीने झाकण उघडलं. बटणांशेजारी आतल्या मालाचे आकडे छापलेला स्टिकर होता, तो तिने वाचला. ओठांवरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. हरिचंद्राने आयुष्यभर जनावरांचे डोळे बघितले होते. त्याला ते दिसलं.

"छान आहे, आजा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप सॅकमध्ये घालून खांद्याला लावला, आरशासमोर उभी राहिली, आणि परत काढून ठेवला. वरचं प्लास्टिक तिने सोलून काढलं नव्हतं. नवा बैल आणून कोणी त्याच्या गळ्यातली बाजारची दोरी सोडत नसेल, तर समजावं की तो मनात भरलेला नाही. तेजस्वी तर मोबाइलचं प्लास्टिकसुद्धा रस्त्यातच सोलणारी पोर.

संध्याकाळी ओटीवर ती मैत्रिणीशी बोलत होती. हरिचंद्र दाराआड पानाला चुना लावत होता.

"नाही गं, त्याच्यावर ते सॉफ्टवेअर चालणारच नाही... बदलून कसं मागू? एवढ्या हौसेने आणलाय त्याने. मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसत जाईन... लिस्ट दिली होती गं. तसा मिळाला नसेल दुकानात. मिळाला असता तर आजाने आणला असता ना."

हरिचंद्राने पान तसंच ठेवलं. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून कागद काढला आणि जुन्या गोठ्याच्या मागे जाऊन बसला. चारही घड्या कडक होत्या. तिने अक्षरं मोठी आणि सुटी काढली होती, पूर्वी पाटीवर काढायची तशी.

त्याने बोट ठेवलं.

'आजा, मोठा घेऊ नको, हलका घे. रोज खांद्यावर न्यायचा आहे. रॅम सोळा पाहिजे. आठ चालणार नाही. एसएसडी पाचशे बारा. रंग कुठलाही चालेल. दुकानदाराला कागद देऊ नको. तूच वाच. तुला येतं.'

वाचायला फार वेळ लागला नाही. दुकानात लागला असता तर तेवढाच लागला असता. त्याचे कान तापले. शेवटचे दोन शब्द बोट न ठेवताच वाचता आले, आणि तेच त्याला सोसवेनात. क्षणभर वाटलं, कागद चुलीत घालावा. पोरीला काहीतरी समजूत सापडलीच आहे, तीच राहू द्यावी. तो उठून चुलीपर्यंत गेलासुद्धा. तिथे वेणू भाकरी थापत होती.

"काय हवाय?"

"काय नाय," तो म्हणाला आणि ओटीवर आला.

"तेजू, मी कागद उघडलाच नव्हता गो."

तिला आधी कळेना. मग त्याच्या हातातला कागद दिसला. "हरवला होता?"

"खिशातच होता. त्याने लिस्ट विचारली. मी नाय म्हनलो."

"का?"

"शंकऱ्या होता बाजूला. त्याला वाटतो मी पयल्यापासून शिकलेला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे मी तुला शिकवलं," ती हळू म्हणाली, "ते लपवायचं होतं?"

हरिचंद्राने कागदाची घडी घातली. तो खाली जमिनीकडे बघत उभा राहिला, फुटपट्टी खायला हात पुढे केलेल्या पोरासारखा.

सकाळी खोका घेऊन तिघे निघाले. शंकररावाला कारण सांगितलं नव्हतं. "माल खराब निघाला काय रं?" तो विचारत राहिला, आणि हरिचंद्र म्हणत राहिला, "दुकानात सांगतो."

जयदेवने खोका उघडला. "प्लास्टिकसुद्धा तसंच आहे. चलेगा चाचा, बदलून देतो. पण मी त्या दिवशी विचारलं होतं, लिस्ट आहे का म्हणून."

"हाय," हरिचंद्र म्हणाला. "तेव्हापन होती."

त्याने कागद काचेवर पसरला. तेजस्वी म्हणाली, "दे, मी सांगते त्यांना." त्याने मान हलवली आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"आ... जा. मो... ठा घे... ऊ न... को."

दुकानात एक बाई चार्जर बदलून घेत होती, ती थांबली. शंकररावाचा चष्मा पुसणारा हात अर्ध्यावर राहिला. हरिचंद्राने वर बघितलं नाही. कपाळावरचा घाम भुवईत उतरला, तरी बोट काढलं नाही. 'एसएसडी'पाशी तो अडकला, एकदा, दोनदा. तेजस्वीने सांगितलं नाही. ती नुसती वाट बघत होती, गोठ्यामागे बघायची तशी. तिसऱ्यांदा जमलं. शेवटची ओळ मात्र त्याने मनात वाचली आणि कागदाची घडी घातली.

जयदेवने दोन लॅपटॉप समोर ठेवले. तेजस्वीचे डोळे त्यातल्या एका राखाडी लॅपटॉपवर खिळले, इतके, की आंधळ्यालाही दिसावेत. जयदेवने ते बघितले, आणि भावात एक रुपया कमी केला नाही. हरिचंद्राने घासाघीस केली नाही.

परतताना अंबरनाथ पूर्वेचा सिग्नल लागला. सिग्नलला शंकररावाने आरशातून मागे बघितलं, मग शेजारी.

"हरी, तो पेपर तू नुसता धरायचास?"

"धरायचो."

"किती वर्षं?"

"तीस. पुढे थोडा थोडा वाचायला लागलो."

"मंग मायला, एकदापन उलटा कसा नाय धरलास?"

"फोटो बघून धरायचो."

"आनि फोटो नसला तर?"

"तू द्यायचास तसाच घ्यायचो. तू सरळच द्यायचास."

शंकरराव हसला नाही. मागून हॉर्न वाजले तेव्हा त्याने गिअर टाकला. "मी तुला मधला पान द्यायचो," तो पुटपुटला. "पुढचा मला पयला हवा असायचा. तू कधी मागितलापन नाय."

हरिचंद्र खिडकीबाहेर बघत बसला. कान अजून गरम होते. मागच्या सीटवर खोका उघडल्याचा आवाज आला, आणि मग प्लास्टिक सोलल्याचा, एका कोपऱ्यापासून, हळूहळू, लांबलचक.