शेवटचे चार सेंटिमीटर

नऊशे तीन फायली उतरल्या होत्या आणि पाचशे नऊ बाकी होत्या, तेव्हा नेट गेले. तिने राउटर बंद करून पुन्हा चालू केला, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबली आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. प्रोग्रामच्या फायलींचा हा सगळा साठा, रिपॉझिटरी, उतरवताना मध्येच तुटला, तर आधीचे काही हाती उरत नाही. पडद्यावरचा आकडा शून्यावर आला.

"पुन्हा पहिल्यापासून?" चाकाच्या खुर्चीतून दादाने विचारले.

"पुन्हा."

"एवढ्यात मुंगीनेसुद्धा आणून टाकलं असतं, ठमे."

ती पडद्याकडे बघतच हसली. दादाला दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागे, त्यामुळे त्याचे विनोदही हल्ली सावकाश पोहोचत.

टेबलाच्या कडेला यांत्रिक हात घट्ट आवळून बसवला होता. आजारात दादाच्या दोन्ही हातांतली ताकद गेली त्या वर्षी तिने तो जोडला. त्याचा प्रोग्राम मात्र कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेला, कुणालाही फुकट उतरवून घेता येणारा. वाटी भरून ठेवली की पुढचे दादा आवाजावर करून घेई, आणि आई नि ती निर्धास्तपणे कामावर जात. प्रोग्रामचा एक नियम होता. चमचा ओठांच्या चार सेंटिमीटर अलीकडे थांबे. मशीनने माणसाच्या तोंडात शिरायचे नाही, शेवटचे अंतर माणसाने स्वतः कापायचे. दादाला हा नियम फार आवडला होता. ते माझ्याकडे येत नाही, मी त्याच्याकडे जातो, असे तो आल्यागेल्याला ऐकवी.

गेले काही आठवडे दादाची मान तेवढी पुढे येत नव्हती आणि चमचा भरलेलाच परत जात होता. संध्याकाळी वाटी तशीच दिसे. त्याला भरवायला आईने घेतलेली रजाही आता संपली होती. सोमवारपासून दादाला रुग्णांची देखभाल करणाऱ्या संस्थेत ठेवायचे ठरले होते. तिथल्या बाईंनी खाट दाखवली, खिडकीजवळची आहे असे दोनदा सांगितले. दुपारचे जेवण त्याचे त्याला जमले, तरच तो घरी राहणार होता.

प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत ते चार सेंटिमीटर कमी करता येतात, असे तिने वाचले होते.

तिसऱ्या खेपेला सगळ्या फायली उतरल्या. तिने प्रोग्राम सुरू केला आणि तो लगेच बंद पडला. अंतर कमी करायचे तर मनगटात दाब मोजणारा सेन्सर हवा, म्हणजे चमचा दातांना लागताच हात मागे येईल. त्यांच्या हातात तशी सोय नव्हती, आणि या जुन्या मनगटात ती बसणारही नव्हती.

आई कुस्करलेला बटाटा घेऊन आली. झाले का, असे तिने नजरेनेच विचारले.

"होतंय," ती म्हणाली.

सेन्सर तपासणाऱ्या ओळी शोधायला तिला वेळ लागला नाही. त्या का आहेत, हे लिहिणाऱ्याने वरच स्पष्ट लिहून ठेवले होते. तिने त्या पुसल्या. अंतराच्या जागी चार होते, तिथे शून्य घातले. मग बंद करायच्या बटणावर बोट ठेवून ती हाताशेजारी बसली.

चमचा वाटीत बुडाला, वर आला, दादाच्या ओठांशी जाऊन थांबला. दादाने तोंड उघडले. दुसरा चमचा गेला. तिसरा जाताना त्याला ठसका लागला. तिने बटण दाबले, तो सावरेपर्यंत थांबली आणि पुन्हा हात सुरू केला. आई वाटीकडे बघत उभी होती. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. भांडी घासल्याचा आवाज मात्र येत नव्हता.

"अंतर किती ठेवलंयस?" दादाने विचारले.

"चारच."

"म्हणजे मी गेलो."

"तू गेलास."

तो बराच वेळ घास चघळत राहिला. त्याची नजर चमच्यावरून तिच्या बोटावर आली. बोट अजून बटणावरच होते.

"बंद कर ते," तो म्हणाला. "आणि मोज."

आज दमला आहेस, उद्या मोजू, असे ती म्हणाली. त्याने ऐकले नाही. कारखान्यात फिटर असताना त्याने एकही नग नुसत्या नजरेने पास केला नव्हता, आणि माप एकदा घेऊन तो कधी थांबत नसे.

"तीनदा घे. आणि मला खरं सांग, ठमे."

तिने हाताची वीज काढली. ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी आणली, दादाच्या हनुवटीवर पेनाने ठिपका काढला आणि आईला हाक मारली. आईने ओले हात पदराला पुसले आणि पट्टी दोन्ही हातांनी आडवी धरली. आईने पट्टी धरल्यावर ती स्वतः आकडा वाचायला वाकून ठिपक्याच्या समोर आली.

"मान पुढे ढकल," ती म्हणाली.

दादाने डोळे मिटले. त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली.

पहिल्यांदा चार मिलिमीटर भरले. दुसऱ्यांदा तीन. तिसऱ्यांदा तीन.