मान हलवणारा बैल

पांढुर्ण्यात लाकडी बैल घ्यायचा तर मोतीराम सुताराचाच, असं लोक चाळीस वर्षं म्हणत आले आणि त्या म्हणण्यानंच म्हातारा बिघडला. तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचे बैल दोरीनं ओढत दारोदार फिरतात, त्यातले निम्मे त्याच्या हातचे. कौतुक ऐकून ऐकून माणसाला दुसरं काही ऐकू येईनासं होतं, तसं त्याचं झालं होतं.

नात प्रणाली पाच वर्षांची, केजीत जाणारी. तिच्या अर्चना मॅडमनं यंदा नवीच टूम काढली. दर शनिवारी प्रत्येक पोरासोबत घरचं एक मोठं माणूस शाळेत यायचं आणि दोघांनी मिळून चालणारं, फिरणारं, घसरणारं काहीतरी करायचं. कधी फळीच्या उतारावरून बाटलीची झाकणं सोडायची, कधी फुग्यातल्या हवेनं कागदाची गाडी पळवायची. मॅडमची अट एकच होती. "हात लेकरांचे चालले पायजेत. मोठ्यांनी फक्त धरायचं."

प्रणालीचा बाप कुलदीप मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून हलेना, म्हणून आबाजी जाऊ लागले. म्हणजे आपला मोतीरामच.

कुलदीपचं एक सांगायला हवं. तो नऊ वर्षांचा असताना बापाचा रंधा घेऊन फळी साफ करत होता. फळी खालीवर झाली. मोतीरामनं रंधा हिसकला आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "सरक, तुयाच्यानं नाही होत." पोरगा सरकला तो कायमचाच, पुन्हा कधी कामाच्या मांडवाखाली फिरकला नाही. पोराला गोडीच नव्हती, असं मोतीराम जगाला सांगायचा. खरं काय ते त्याच्या पोटात होतं आणि तिथं ते दुखायचं.

त्यामुळे पहिल्या शनिवारी प्रणालीनं झाकणाला भोक पाडायला सळई धरली, तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरले. पोरीची मूठ घट्ट, नजर टोकावर. घरात अजून एक हात आहे, आपल्यामागं हत्यारं भंगारात जाणार नाहीत, एवढंच त्याच्या मनात घोळू लागलं. हिला टिकवायची, हिला बोलायचं नाही, अशी त्यानं जामसावळीच्या हनुमानाकडे तोंड करून शपथ घेतली.

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी शाळेत लाकडी बैलांची शर्यत ठरली. उतारावरून बैल सोडायचा, ज्याचा सगळ्यात लांब जाईल त्याला बक्षीस. बैल घरून करून आणायचा होता. आठवडाभर प्रणाली मांडवाखाली बसली. मोतीरामनं लाकडातून बैलाचा आकार कापून दिला, बाकी सगळं तिचं. पॉलिश पेपर घासून घासून तिची बोटं लाल झाली. चाकांसाठी बाभळीच्या फांदीच्या चार चकत्या झाल्या, त्यांना गिरमिटानं भोकं पाडायची होती. मोतीरामनं चकती धरली, पोरीनं गिरमिट फिरवलं. भोक मधोमध पडलं नाही. म्हाताऱ्यानं जीभ चावली आणि पुढची चकती धरली. चारही भोकं तशीच पडली.

शुक्रवारी संध्याकाळी चाकं बसली. पोरीनं बैल अंगणात ओढला, तर तो पावलागणिक पुढून वर उठायचा, मग खाली वाकायचा. प्रणाली टाळ्या पिटत ओरडली, "आबाजी, पायना! माया बैल मान हलवून राहिला! खराखुरा चालून राहिला!"

"हो वं माय," मोतीराम म्हणाला. पण त्याला फक्त चाकं दिसत होती. उतारावर हा बैल दोन हातांवर आडवा होणार आणि सगळे म्हणणार, मोतीराम सुताराच्या घरचा बैल लंगडा. चाळीस वर्षांचं नाव शाळेच्या फळीवर उताणं पडणार.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सकाळी प्रणाली आंघोळीला गेली आणि मोतीरामनं गिरमिट उचललं. चार नव्या चकत्या, चार भोकं, बरोबर मधोमध. पाव तासाचं काम. जुनी चाकं त्यानं पाणी तापत होतं त्या चुलीतच सरकवली. पोरीला कळणार नाही, असं त्याला वाटलं. चाळीस वर्षं बैल करूनही पोरं बैलाला कशी पाहतात, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

शाळेत बैल उतारावरून सुटला तो थेट व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. मॅडमनं टाळ्या वाजवल्या, कोणीतरी म्हणालं, "शेवटी रक्त कोणाचं हाय!" मोतीरामची छाती फुगली. त्यानं प्रणालीकडे पाहिलं. ती बैलाजवळ उकिडवी बसली होती. तिनं तो हातानं पुढं ढकलला, मागं घेतला, पुन्हा ढकलला.

"हा मान नाही हलवत," ती म्हणाली.

"अवं, पयला आला ना तुया बैल!"

"माये चाकं कुठी हायेत?"

मोतीरामला खोटं सुचलं नाही. "ते वाकडे होते बेटा. चुलीत टाकले."

पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या लेकराला उचलून घेता येतं. ती उठली, मॅडमनं बक्षीस दिलेला कंपास घेतला आणि आबाजींच्या पुढं घराकडे चालू लागली. बैल तिनं शाळेतच ठेवला. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली सगळी पोरं बैल ओढत फिरली. प्रणाली आईच्या मागं दारात उभी राहिली. मोतीराम तिच्या वाटणीची बोजारी, म्हणजे पोरांना द्यायचे सुटे पैसे, मुठीत घेऊन बसून राहिला.

पुढच्या शनिवारी कागदाची भिंगरी करायची होती. कागद, कात्री, टाचणी, काडी. सोपं काम. मोतीरामनं कागद पुढं सरकवला. "घे, काप. वाकडं झालं तरी चालते."

प्रणालीनं हात मांडीवर ठेवले. "तुमीच करा आबाजी. मले नाही येत."

"येते तुले. म्या पायलं हाय."

"नाही येत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं आणि म्हाताऱ्याच्या काळजाला तेच लागलं. त्यानं कात्री तिच्या मुठीत बसवली, वरून आपली बोटं दाबली. तिची बोटं ढिली पडली, कात्री चटईवर घसरली. मॅडम जवळून जाताना हसून म्हणाल्या, "वा, प्रणाली किती शहाण्यासारखी बसली! आज आबाजीच करून राहिले वाटते."

म्हातारा काय करणार? त्यानं भिंगरी केली. चारही पाती एका मापाची, टाचणी नेमकी मधोमध. पोरं आपापल्या वेड्यावाकड्या भिंगऱ्या घेऊन मैदानात पळत सुटली, कारण वारा नव्हता आणि पळाल्याशिवाय भिंगरी फिरत नाही. प्रणालीनं आपली घेतली, नीट पाहिली.

"छान झाली," ती म्हणाली आणि भिंगरी परत त्याच्याच हातात देऊन जागेवर बसून राहिली.