तिसऱ्यांदा न दाखवलेली दोन बोटे

मित्रांनो, जालंधरच्या एका कारखान्यात म्हशीच्या जाड चामड्यातून मला शिवले. मी सॉफ्टबॉलमधल्या कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचा ग्लोव्ह. दापोलीच्या अकीलाने मला विकत घेतले आणि बहारीनला आणले. ती इथल्या रुग्णालयात नर्स आहे.

दर शुक्रवारी सकाळी जनाबियाच्या मैदानावर ती मला हातात चढवून बसे. समोरून चेंडू टाकी फलटणची मृणाली. ती शाळेत शिकवायची. कोणता चेंडू टाकायचा हे अकीला माझ्याआडून बोटांनी सुचवी. एक बोट म्हणजे वेगवान, दोन म्हणजे संथ. मृणालीला पटले तर ती होकार देई, नाहीतर मान हलवी. मग अकीला खूण बदले. दोन वर्षे आमचा संघ हरला नाही. कौतुक मृणालीचे होई. अकीलाला त्याचाच आनंद वाटे.

गेल्या हिवाळ्यात मृणालीचा चेंडू माझ्यात हलका पडू लागला. अकीलाच्या तळव्याला ते लगेच कळले.

"खांदा दुखतोय ना तुझा?"

"काही नाही गं. तू खुणा कर."

तेव्हापासून अकीला संथ चेंडूच मागू लागली. मृणाली चिडली. "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" अकीलाने पुन्हा दोन बोटेच दाखवली.

अंतिम सामन्यात एकच फलंदाज बाद करायची उरली होती. अकीलाने दोन बोटे दाखवली. मृणालीने मान हलवली. पुन्हा दोन. पुन्हा नकार. मग अकीलाने सावकाश एक बोट दाखवले.

चेंडू पूर्वीच्याच जोराने माझ्यात आदळला. आम्ही जिंकलो. पण मृणाली खांदा धरून वाळूत बसली होती.

शस्त्रक्रिया झाली. तरीही तिचा हात फळ्यापर्यंत पोहोचेना. दर आठवड्याला अकीला तिला व्यायामासाठी नेई. एकदा गाडीत मीही मागच्या सीटवर होतो.

"मला कळलं होतं, मृणाली. तरी मी एक बोट दाखवलं."

"तू दोनदा नको म्हणालीस. मीच ऐकलं नाही."

"तिसऱ्यांदाही म्हणायला हवं होतं."

त्यानंतर अकीला खेळली नाही. खाऱ्या हवेत माझे चामडे तडकले, वाद्या तुटल्या. त्याचे मला फार दुःख नाही. मित्रांनो, बरोबरीने काम करणाऱ्याचे दुखणे कधीकधी सगळ्यांआधी तुम्हालाच कळते. कळले की बोला. तो मान हलवील. पुन्हा बोला. तो रागावला तरी बोला.