बारा, पण कुठले?

तहमीनाने तक्ता पुन्हा वाचला आणि तिचं डोकं फिरलं. दशमान बेरीज करणाऱ्या दोन सर्किटांची ती तुलना होती. एक तिचं, एक निमोण्याच्या इंद्रजीतचं. दोन्ही रिव्हर्सिबल, म्हणजे निघालेल्या सगळ्या तारा पाहून मूळ आकडे परत सांगता यायला हवेत. आतली जोडणी सॉफ्टवेअरने हवी तशी बदलता येते, तसल्या एकाच चिपवर दोन्ही तपासलेली. आणि इंद्रजीतचं निम्म्या जागेत बसलं होतं. लहान ठरेल ते पुण्याच्या स्पर्धेला जाणार.

"सर, ह्याच्या जास्तीच्या तारा कुठं आहेत?"

"बेरजेला लागत नव्हत्या. सॉफ्टवेअरनंच छाटल्या," सर म्हणाले.

"आन् जागा वाचली की, बाई!" इंद्रजीत हसला. "तू आपली शिरूर-दौंड एसटीवानी समद्या तारा कोंबल्या."

तक्ता आज हाती आला होता. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स मात्र कालच चढला होता: 'निम्म्या जागेत दुप्पट डोकं!' खाली इंद्रजीतचा फोटो. संस्थेचे संचालक असलेले त्याचे मामा सोपानराव शाल घेऊन ऑफिसात चहाही पीत होते.

तहमीनाने इंद्रजीतच्या बोर्डाची बटणं दाबली. सात अधिक पाच. दिवे लागले, बारा. मग आठ अधिक चार. तेच दिवे.

"सांग, हे बारा कुठले? सात-पाचाचे की आठ-चाराचे?"

इंद्रजीतने दोन्ही बेरजा स्वतः पुन्हा दाबून पाहिल्या.

"हे तर बाजारातला कॅल्क्युलेटरही करतो! मी एकूण एक तार बाहेर काढली म्हणून माझं जाडं, आणि ह्याचं कापलं म्हणून बारीक?"

"तहमीना, पाहुणे बसलेत," सर दबक्या आवाजात म्हणाले.

"बसू देत."

सोपानराव दारात आले. "काय रं, शाल घालायची का न्हाई?"

"थांबा मामा. ही म्हंती ते खरं हाय."

इंद्रजीतने खुर्ची ओढली, छाटलेल्या तारा बाहेर आणल्या आणि नवी जोडणी चिपमध्ये पुन्हा भरली. सात-पाच आणि आठ-चार आता वेगळे दिसले. सर्किट चांगलंच फुगलं होतं. तरी तहमीनाच्या सर्किटापेक्षा ते थोडं लहानच निघालं.

"बघ!" सरांचा जीव भांड्यात पडला. "तोच जाणार. उगाच तमाशा."

तहमीनाचं पुणे गेलं होतं. पण त्याहून संताप मोठा होता. सरळ मोजूनही हाच पुढं होता, मग ही लबाडी कुणासाठी?

"जाऊ दे त्याला. पण तक्ता बदला, सर. निम्मी जागा नाही, थोडी कमी. माझ्या नावाशेजारी खोटा आकडा चालणार नाही."

सरांनी सोपानरावांकडे पाहिलं.

"फ्लेक्सवर निम्मी छापलंय की," सोपानराव पुटपुटले.

"मग तो उतरवा, मामा," इंद्रजीत म्हणाला.

आणि तो स्वतःच उठून शिडी शोधायला गेला.